मोज्यातला शेवट

लांजेवार सर नाटकाचं शेवटचं पान उजव्या पायातल्या मोज्यात ठेवत. खिशात नाही, कारण खिसा कापला जातो. कपाटात नाही, कारण कपाटाला किल्ली असते आणि जिथे एक किल्ली असते तिथे दुसरीही असते. टोपीत ठेवून पाहिलं होतं, पण टोपी कुठे ना कुठे काढावी लागते. मोजा माणूस चारचौघांत काढत नाही. सरांचा मोजा दुसऱ्या कुणी काढण्याचा तर प्रश्नच नव्हता. भिलाईच्या उन्हात, बंद बुटात महिनाभर राहिलेला तो कागद प्रयोगाच्या दिवशी सकाळी बाहेर निघे. सर तो वाचून दाखवत, आणि आम्ही सगळे अदबीने चार पावलं मागे उभे राहून आमच्याच नाटकाचा शेवट ऐकत असू.

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटून तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. माझे वडील भंडारा जिल्ह्यातली दोन एकर धानाची जमीन भावाच्या हवाली करून इथे खलाशी म्हणून, म्हणजे जड सामान हलवायच्या कामावर, लागले होते. मी तुमसरच्या शाळेतून मॅट्रिक होऊन त्यांच्यामागे आलो आणि इथल्या नव्या कॉलेजात नाव घातलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढे गेलेलं नव्हतं. त्यामुळे कॉलेजात जे जे सांगितलं जाई ते सगळं मला खरं वाटे. लांजेवार सरांना त्यातलं काहीच खरं वाटत नसे.

सर रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होते. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात एक बाटली दिली आणि विचारलं, "काय हाय यात?"

मी बाटलीवरची चिठ्ठी वाचून सांगितलं, "मीठ."

"चिठ्ठीवर मीठ हाय. बाटलीत काय हाय?"

"मीठच असेल ना सर."

"कावून? चिठ्ठी लावणारा तुह्या मामा होता का?"

वर्ग हसला. मी मात्र खूश झालो. कॉलेजात माझ्यासारखं बोलणारा एक माणूस तरी निघाला होता. बाकीचे प्राध्यापक इंग्रजी किंवा हिंदीत बोलत. माझ्या तोंडून 'मले' निघालं की पुढच्या बाकावरच्या मुली एकमेकींकडे बघत. सरांसमोर ती भीती नव्हती. मी त्यांच्यामागे लागलो तो असा.

प्रयोगशाळा ही सरांची नोकरी होती. त्यांचा जीव नाट्यविभागात होता. विभाग म्हणजे एका खोलीतलं लोखंडी कपाट, दोन पडदे, दाढ्यांचा एक डबा आणि सर. वर्षाला तीन मराठी नाटकं व्हायची: दसऱ्यानंतर एक, नाताळच्या सुट्टीआधी एक आणि परीक्षेच्या तोंडावर एक. तिन्ही सर स्वतः लिहीत आणि तिन्ही रहस्याची असत. त्यांचं म्हणणं असं की ड्यूटीवरून थकून आलेला माणूस दोन तास खुर्चीवर बसतो तो एकाच कारणानं, पुढं काय होणार ते त्याला माहीत नसतं म्हणून. "शेवट फुटला तर नाटक फुटलं," ते म्हणत. "फुटक्या गाडग्यात कोणी पाणी भरते का?"

शेवट फुटू नये म्हणून त्यांनी आमच्याकडच्या झाडीपट्टीतल्या जुन्या नाटक मंडळ्यांची रीत धरली होती. नटाला पूर्ण नाटक द्यायचं नाही, नुसती त्याची नक्कल द्यायची. नक्कल म्हणजे एवढंच: आपली वाक्यं, आणि प्रत्येक वाक्याआधी समोरच्याच्या वाक्यातले शेवटचे तीन शब्द. ते तीन शब्द कानावर पडले की आपण बोलायचं. ते कोण बोलतं, का बोलतं, याच्याशी आपलं काही देणंघेणं नाही. जुन्या मंडळ्या लिहिण्याचा त्रास वाचावा म्हणून असं करत. सर संशयापायी करत. खुनी आणि ज्याचा खून व्हायचा तो, या दोघांच्या तालमी वेगवेगळ्या खोल्यांत होत. एकदा तर प्रेमाचा प्रवेशही तसाच झाला. नायक रसायनशाळेत, नायिका मालती वनस्पतिशास्त्राच्या खोलीत, आणि सर मधल्या व्हरांड्यात उभे राहून याचे तीन शब्द तिला आणि तिचे तीन शब्द याला पोचवत होते. नायक मला म्हणाला, "यार भुरे, ती हो म्हणाली की नाही तेवढं तरी सांग." मला कुठे माहीत होतं? मी प्रॉम्प्टर होतो, आणि प्रॉम्प्टरला संहिता लाखेने बंद केलेल्या पाकिटात, अंक सुरू होण्याआधी पाच मिनिटं मिळे.

तालीम संपली की दारात झडती. खिसे उलटे करायचे. टीपकागद सर आरशासमोर धरून बघत, कुणी काही उतरवून घेतलंय का म्हणून. झडतीत काही सापडत नसे, आणि त्यामुळे सरांचा संशय आणखीच वाढे. "काही नाही सापडलं," ते मान हलवत म्हणत, "म्हणजे पाणी कुठंतरी मुरून राहिलं."

त्या वर्षी दसऱ्यानंतरच्या नाटकात मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा, खून होता आणि खुनी त्याचा मुनीम होता. मुनीम झालेला साहू हा दुर्गजवळच्या खेड्यातला मुलगा. मराठी तो आमच्यातच शिकला होता. महिनाभर त्याने फार प्रेमाने मुनीम रंगवला. प्रयोगाच्या सकाळी मोज्यातलं पान वाचलं गेलं तसा तो मटकन खाली बसला.

"सर, मेरी माँ देखने आ रही है," तो रडवेला होऊन म्हणाला. "मैं खूनी हूँ?"

"म्हणूनच तुले सांगितलं नाही," सर म्हणाले. "ज्याले माहीत हाय तो खुन्यासारखा चालते. तू मुनीमासारखा चालतो. लोकाइले पत्ताच नाही लागणार."

संध्याकाळी पडदा वर गेला. हॉलमध्ये कधी नव्हे इतकी गर्दी होती. मराठी घरं तर होतीच, पण पंजाबी, बंगाली, तेलुगू बायाही ओळीने येऊन बसल्या होत्या. सर विंगेतून बघून चकित झाले. पहिल्याच प्रवेशात साहू हातात कंदील घेऊन आला आणि म्हणाला, "मालक, दिवा आणलाय." एवढंच. तिसऱ्या रांगेतून एका सरदारणीचा खणखणीत आवाज आला, "लो जी, आ गया कातिल!"

सगळा हॉल हसला. साहूची आई उठून उभी राहिली आणि भांडायला लागली. पुढे दोन तास मुनीम रंगमंचावर आला की पोरं "कातिल, कातिल" करत, आणि साहू दर वेळी थोडा थोडा खचत गेला. शेवटी खुनाची कबुली देताना त्याच्या डोळ्यांत खरं पाणी होतं.

दुसऱ्या नाटकाच्या वेळी सरांनी बंदोबस्त दुप्पट केला. कार्बन पेपर जाळले. नकला तालमीला द्यायच्या आणि तालीम संपली की परत घ्यायच्या. मोज्यावर दुसरा मोजा चढला. कॉलेजात कुजबुज वाढली. मालतीला साहूचा संशय, साहूला नायकाचा आणि सगळ्यांना मिळून माझा, कारण लाखेचं पाकीट माझ्या हाती यायचं. मी शपथ घेतली तेव्हा सर म्हणाले, "शपथ म्हणजे बाटलीवरची चिठ्ठी."

त्या नाटकात विष पानाच्या विड्यात होतं. प्रेक्षकांना मात्र वाटावं की ते दुधात आहे. मालतीने दुधाचा पेला ओठाला लावला, वाद्यं थांबली, शांतता झाली. आणि चहूबाजूंनी आवाज आले. "पी ले बेटी, दूध में कुछ नहीं है!" "पान मत खाना!" मग तीच सरदारणी म्हणाली, "कत्था देख, कत्था! ज़्यादा लाल है!"

सकाळी वाचलेल्या पानात खुनी कोण एवढंच होतं; आपलं दूध बरं आहे की वाईट हे मालतीला माहीत नव्हतं. तिने घाबरून पेला खाली ठेवला. मग तिला पुढचं वाक्य आठवेना, आणि मला पाकिटातलं पान सापडेना. विंगेत सर माझ्या शेजारीच उभे होते. मला वाटलं, आता हे माझी मान धरणार. पण ते पडदा धरून नुसते प्रेक्षकांकडे बघत राहिले, खूप वेळ.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी त्यांना बोलावलं. मी दाराबाहेर उभा होतो. प्राचार्य म्हणाले, "लांजेवारजी, यह नाटक है या मेला? तीसरी बार हॉल में से एक भी आवाज़ आई, तो विभाग बंद. वह कमरा मुझे एन.सी.सी. के लिए चाहिए."

सर बाहेर आले. त्यांचा चेहरा उतरला होता. बावीस वर्षं त्यांनी गावोगावच्या शाळांत मुलांच्या तोंडांना रंग फासले होते. हा विभाग प्राचार्यांच्या मागे लागून, दोन वर्षं अर्ज करून त्यांनीच मिळवला होता. तो गेला तर त्यांच्या हाती फक्त बाटल्या उरणार होत्या. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण कपाटाची किल्ली ते जानव्यासारखी अंगावर वागवत, त्यावरून कुणालाही कळलं असतं.

तिसऱ्या नाटकाच्या तालमी सुरू झाल्या आणि सरांनी कहरच केला. झडती आता आत येतानाही. शेवटचं पान या वेळी प्रयोगाच्या सकाळी वाचायचं नाही, शेवटच्या अंकाआधी वाचायचं. ते भर व्हरांड्यात मोठमोठ्याने ओरडत, "मले माहीत हाय कोण हाय तो! तुमच्यातलाच हाय!" मालती रडली. साहू या नाटकात रामा गडी होता. "जी मालकीणबाई" याखेरीज त्याला जवळजवळ वाक्यच नव्हतं. तो म्हणाला, "माझी नक्कल पोस्टकार्डावर मावते. मी काय फोडणार?"

साहूचं ते बोलणं माझ्या डोक्यात राहिलं. खरंच, कोण काय फोडणार? मालतीजवळ मालतीचं, साहूजवळ साहूचं, माझ्याजवळ काहीच नाही. सगळ्यांचे तुकडे जोडले तरी शेवट होत नव्हता. सबंध नाटक या जगात एकाच माणसाजवळ होतं. सरांनीच मला शिकवलं होतं की चिठ्ठी वाचू नको, बाटली हुंगून बघ. मी हुंगली, आणि वास सरांच्या घरून यायला लागला. मला स्वतःची लाज वाटली. ज्यांनी माझा परीक्षेचा अर्ज स्वतःच्या हाताने भरून दिला होता, त्यांच्यावरच मी संशय घेत होतो. तरी नाटकाला दोन दिवस असताना, दुपारी, दाढ्यांच्या डब्याचं निमित्त करून मी सायकल काढली आणि सेक्टर सहाला गेलो.

कॉलेजातल्या काही शिक्षकांना कंपनीने तिथे भाड्याने क्वार्टरं दिली होती. सरांच्या घरी काकू आणि ते, दोघंच. काकूंना मी एकदाच पाहिलं होतं. दार अर्धं उघडून "ते नाहीत" म्हणाल्या होत्या आणि दार लावून घेतलं होतं.

आज दार सताड उघडं होतं. व्हरांड्यात दहा-बारा बाया बसल्या होत्या. कुणी तांदूळ निवडत होती, कुणी स्वेटर विणत होती. मधोमध काकू, पदर खोचून, हातवारे करत.

"तो जो रामा गडी है ना," काकू सांगत होत्या, "वो गडी नहीं हाय. बेटा हाय बेटा! बारा साल पहले चोरी का आळ आया, पळून गया. अब आया, दाढी-बिढी वाढवके, अपनेच घर में नौकर."

"हाय रब्बा!" तीच सरदारणी. "माँ ने पहचाना नहीं?"

"कैसे पहचानेगी? माँ बोलती, पाणी आण रे. अपने पोट के पोर को! और वो आणके देता. बोलता नहीं."

एक बंगाली बाई डोळे पुसायला लागली. काकूंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "अभी मत रो बाई, अभी बहुत हाय."

मी फाटकात थिजलो. तेवढ्यात घराच्या बाजूने कुणीतरी माझी बाही ओढली. सर होते. बंडीवर, हातात चहाची किटली. बोट ओठावर ठेवून त्यांनी मला मागच्या दाराने स्वयंपाकघरात नेलं. ओट्यावर बारा कप मांडलेले होते.

"सर, काकू..."

"हळू बोल."

"तुम्हाला माहीत आहे?"

"दुसऱ्या नाटकापासून. कात जास्त हाय, असं ती सरदारीण ओरडली ना? ते मी लिहिलं होतं, मग खोडलं. नकलेत नव्हतंच. ते एकाच माणसानं ऐकलं होतं." त्यांनी व्हरांड्याकडे मान केली. "लिहिलेलं मोठ्यानं वाचल्याशिवाय मले समजत नाही. तिलेच वाचून दाखवतो. सगळ्या भिलाईवर संशय घेतला मी, भुरे. हिच्यावर घ्यायचा राहून गेला."

"मग तुम्ही त्यांना काही बोलला नाहीत?"

सर कपांत चहा ओतत राहिले. "चार वर्षं झाली इथं येऊन. एका बाजूले पंजाबी, एका बाजूले मद्रासी. हिले हिंदी येत नाही. कोणी आलं की दार लावे. पोरबाळ नाही. मी सकाळी जावो, संध्याकाळी येवो. दिवसभर ही भिंतीशी बोले. दसऱ्याच्या आधी एक दिवस त्या सरदारणीनं नळावर विचारलं, तुम्हारे साहब क्या लिखते हैं? हिनं मोडकंतोडकं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती दोघीले घेऊन आली. आता पाह्य, किती बाया हाय त्या."

मी पाहिलं. मग मला आठवलं. "आणि आमच्या झडत्या? तुम्हाला तर कळलं होतं!"

"एकदम बंद केल्या असत्या तर तुम्ही विचारलं नसतं, चोर सापडला का म्हणून? कोण होता म्हणून?" ते थोडे ओशाळले. "मालती रडली ते बरं नाही झालं. तिले सांग, सर येडे हाय म्हणून."

"पण सर, परवा हॉलमध्ये आवाज झाला तर विभाग बंद होईल!" मी कळवळून म्हणालो. तेवढ्यात मला मोठी युक्ती सुचली. "सर, दोन दिवस आहेत. शेवट बदलून टाका! रामा गडी मुलगा नाहीच. चोर निघू द्या. शेवटचं पान अजून कुणी पाहिलेलं नाही. सगळे फसतील, हॉल गप्प बसेल!"

सरांनी किटली खाली ठेवली. माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी हातातली बाटली फोडली.

"मग ती खोटी पडल ना," ते म्हणाले. "बारा बायाइसमोर."

त्यांनी भरलेले कप ट्रेमध्ये मांडले. मी ट्रे उचलला. दाराशी ते म्हणाले, "विभागाचं तिले सांगू नको. नाही तर उद्यापासून दार लावून घेईल."

प्रयोगाच्या संध्याकाळी हॉल भरला. प्राचार्य पहिल्या रांगेत. तिसऱ्या रांगेत सगळ्या बाया, आणि मधे, पहिल्यांदाच नाटकाला आलेल्या काकू. हिरवं लुगडं, मांडीवर हात घट्ट धरून ठेवलेले. आधी मला वाटलं की आपण वाचलो, कारण कुणी चकार शब्द काढत नव्हतं. काकूंनीच ताकीद दिलेली असणार.

मग पहिल्या अंकाच्या शेवटी मालती, म्हणजे मालकीणबाई, जपमाळ ओढत म्हणाली, "रामा, पाणी आण रे." साहू "जी मालकीणबाई" म्हणाला आणि तांब्या घेऊन आला.

लिहिताना त्या वाक्यात काहीच नव्हतं. शेवट माहीत नसलेल्या माणसाला तिथे फक्त तहान दिसली असती. पण तिसऱ्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला. मग दुसरीने. मग मागच्या रांगांत पदर वर गेले. पाण्याच्या एका तांब्यावर सबंध हॉल रडायला लागला. मालतीने घाबरून साहूकडे बघितलं, साहूने तांब्यात बघितलं. दोघांनाही आपण कोण आहोत ते अजून कळायचं होतं. आणि सरदारणीला राहवेना. ती उभी राहिली, हात जोडून रडत ओरडली, "माँजी, ज़रा देख तो सही! तेरा ही पुत्तर है!"

पडदा पडला. मालती धावत विंगेत आली. "सर, माझं काय चुकलं? मी पाणीच तर मागितलं!"

"काही नाही चुकलं, बेटा," सर म्हणाले. बेटा हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

प्राचार्य आत आले. त्यांना मराठी येत नव्हती, पण आवाज ऐकू आला होता. "लांजेवारजी, चाबी कल सुबह मेरी मेज़ पर."

"जी साहब," सर म्हणाले. ते वळलेसुद्धा नाहीत. पडद्याच्या फटीला डोळा लावून ते तसेच उभे होते. प्राचार्य गेले.

मी जवळ गेलो तेव्हा त्यांनी सरकून मला जागा दिली. हॉलमध्ये मध्यंतराचा गलबला होता. तिसऱ्या रांगेत मात्र वेगळंच चाललं होतं. पुढच्या-मागच्या रांगांतल्या अनोळखी बाया खुर्च्या वळवून काकूंभोवती गोळा झाल्या होत्या. काकू एका हाताने सरदारणीचे डोळे पुसत होत्या आणि दुसरा हात हवेत नाचवत, मोडक्या हिंदीत, पुढचा अंक सांगत होत्या.

साहू घड्याळ दाखवत होता. वेळ होऊन गेली होती. मी विचारलं, "सर, घंटा देऊ?"

"थांब थोडा," सर म्हणाले. "तिचं सांगणं होऊ दे."